मल्चिंगवर कलिंगडाचं रोप आणि भेंडीचं बी लावायला कोणतं अवजार घ्यावं?

काळंरान_वैजापूर:

राम राम मंडळी. गोदाकाठाला आमची भारी काळी जमीन आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दीड एकर कलिंगड लावायचंय आणि त्याला लागूनच अर्धा एकर भेंडी, ती फेब्रुवारीच्या मध्याला. दोन्ही मल्चिंगवर, म्हणजे बेडवर प्लॅस्टिकचा पेपर अंथरून. पेपर २५ मायक्रॉनचा, सिल्व्हर-ब्लॅक, चार फुटी, ४०० मीटरचे बंडल. कलिंगडाला सहा फुटावर बेड आणि दीड फुटावर एक रोप धरलंय, म्हणजे एकरी ४,८४० आणि दीड एकराला साधारण सव्वासात हजार रोपं. रोपं नर्सरीतून येतील. भेंडीचं बी टोकायचंय.

आतापर्यंत आम्ही पाइप तापवून भोकं पाडत आलो. मागून बायका खुरप्यानं खड्डा करत रोप लावत यायच्या. कामाबद्दल तक्रार नाही, पण आमच्या भागात जानेवारी म्हणजे उन्हाळी कांद्याची लागवड. सगळ्या टोळ्या कांद्यात अडकलेल्या असतात. नर्सरीतून रोपं ठरल्या दिवशी येतात, ती ट्रेमध्ये आठवडाभर उभी ठेवता येत नाहीत. म्हणून यंदा अवजार घ्यायचं ठरवलंय.

मी पाहिलेले प्रकार असे. एक, उभ्यानं चालवायचा हातातला प्लांटर: नळीतून रोप सोडायचं, खाली चोच उघडते. दोन, चाकाचं टोकण यंत्र, ढकलत न्यायचं, चाकाला चोची असतात आणि त्यातून बी पडतं. तीन, भावाला ट्रॅक्टरमागचं रोप लावणी यंत्र आवडलंय, त्यानं पुण्याजवळच्या मोशीच्या कृषी प्रदर्शनात बघितलं. चार, दुकानदार म्हणतो की भोकं पाडलेलाच पेपर घ्या, अवजाराची गरजच नाही.

एवढ्या क्षेत्राला यातलं काय परवडेल आणि काळ्या रानात काय चालेल? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगावं. पाहण्यातले व्हिडिओ सगळे मुरमाड नाहीतर तांबड्या जमिनीतले आहेत.

---

रोपवाटिका_जुन्नर:

दादा, अवजाराचं बाकीचे सांगतील, मी रोपाचं सांगतो, कारण प्लांटर चांगला आणि रोप चुकीचं असं मी बऱ्याचदा बघतो.

आमच्याकडं कलिंगड बहुतेक १०४ कपांच्या ट्रेमध्ये असतं. मुळांभोवतीचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा वरून जेमतेम सव्वा-दीड इंचाचा, खाली निमुळता. प्लांटरच्या नळीतून टाकायचं असेल तर रोप दोन खऱ्या पानांवर असतानाच घ्या. कलिंगडाचं रोप वेल टाकायला लागलं की नळीत अडकतं, आडवं पडतं आणि चोच मिटताना त्याचा देठ चिरडतो. टोमॅटो-मिरचीला थोडी उंची चालते, कलिंगडाला नाही. त्यामुळं नर्सरीला लावणीची तारीख सांगताना ‘प्लांटरनं लावणार आहे’ हेही सांगा.

दुसरं, मुळांनी गोळा पूर्ण धरलेला पाहिजे. ट्रेमधून एक रोप काढून बघा. पांढरी मुळं चारी बाजूंनी दिसली आणि गोळा तळहातावर हलवूनही सुटला नाही, तरच तो तीन फूट नळीतून खाली पडणं सोसेल. कच्चा गोळा पडताना फुटतो. वरून रोप उभं दिसतं, पण मुळं मोकळी झालेली असतात.

लावणीच्या तासभर आधी ट्रे पाण्यात बुडवून निथळून घ्या. कोरडं कोकोपीट मातीतलं पाणी लवकर घेत नाही आणि चिंब भिजलेला गोळा नळीला चिकटतो, म्हणून निथळणं महत्त्वाचं.

---

लावणीवाली_संगमनेर:

दादा, मी संगमनेर तालुक्यातली. आमची दहा-बारा जणींची टोळी आहे. टोमॅटो, कलिंगड, ढोबळी, काकडी, झेंडूसुद्धा, सगळ्याची लावणी आम्ही उक्त्यानं घेतो. ज्याच्या शेतात जाऊ तो ज्याच्या त्याच्या आवडीचं अवजार हातात देतो, त्यामुळं बऱ्याच प्रकारांनी लावून झालंय. सविस्तर लिहिते, कारण अवजार घेतो मालक आणि दिवसभर धरायचं असतं बाईनं.

दुकानात गेलं की ते अवजार दाखवतात. तुम्ही आधी भोक ठरवा. मल्चिंगवर सगळा खेळ भोकाचा आहे.

पेपरचं भोक मोठं झालं तर तिथून तण निघतं, ओल उडते आणि पेपरखालची गरम हवा नेमकी रोपाच्या मानेवर येते. फेब्रुवारीत ऊन चढलं की कलिंगडाच्या कोवळ्या देठाला मातीच्या वर बोटभर जागी चट्टा पडतो, रोप तिथंच मोडतं. लोक ‘मर लागली’ म्हणून मुळाशी औषधाच्या आळवण्या करत बसतात. भोक लहान झालं तर वारं सुटल्यावर पेपरची कड देठाला घासते. तुमच्या १०४ च्या गोळ्याला अडीच इंचाचं गोल भोक पुरतं. तीन इंचाच्या पुढं जाऊ नका.

भोकाची कडही बघायची. तापवलेल्या पाइपनं पाडलेल्या भोकाची कड वितळून जाड होते, ती पुढं फाटत नाही. प्लांटरच्या चोचीनं थेट पेपर फोडला तर भोक गोल पडत नाही, चांदणीसारखं फाटतं, आणि त्याच्या जिभा वाऱ्यानं फडफडून रोपावर पडतात. पेपर घट्ट ताणलेला असेल तर निभावतं. सैल असेल तर एकेक फाट वीतभर लांब जाते.

आता जमिनीतला खड्डा. तुमच्या काळ्या मातीत खरी अडचण इथं आहे. खुरप्यानं माती उकरली जाते. चोच माती उकरत नाही, ती दाबून बाजूला सारते. ओल जास्त असली तर खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या चकचकीत होतात. गोळा त्यात जाऊन बसतो, पण मुळं भिंतीत शिरत नाहीत, कपाच्या आकारातच फिरत राहतात. शिवाय चोचीचा खड्डा खाली टोकदार आणि आपला गोळा बुडाला सपाट, म्हणजे खाली पोकळी राहते. पहिले दोन दिवस रोप टवटवीत दिसतं, कारण गोळ्यात नर्सरीचं पाणी असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मान टाकतं. संध्याकाळी परत उठतं, मालकाला वाटतं उन्हानं झालं. दोन दिवसांत ते कायमचं बसतं.

म्हणून प्लांटर चालवणारीच्या मागं एक बाई लागतेच. ती दोन्ही हातांची दोन-दोन बोटं भोकाच्या कडेनं आत घालते आणि माती गोळ्याकडं दाबत जाते. वरून खाली दाबायचं नाही, बाजूनं आत दाबायचं. दुकानदार तुम्हाला ‘एक माणूस एक एकर’ सांगेल. त्यात ही दाबणारी धरलेली नसते. अवजारानं वाचते ती खड्डा करणारी. दाबणारी वाचवायला गेलात तर नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला तीच बाई परत बोलवावी लागते, आणि कलिंगडाच्या नांग्या उशिरा भरलेल्या वेलावर फळ मागं पडतं, एका तोड्यात माल येत नाही. कलिंगडात पैसा एका गाडीत माल भरण्याचा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वाफसा, म्हणजे लावणीजोगी ओल, कसा बघायचा तेही सांगते, कारण मल्चिंगवर डोळा फसतो. सऱ्या वाळून भेगा पडलेल्या असतात आणि पेपरखाली अजून चिखल असतो. पेपर अंथरल्यावर ठिबक सोडून बेड पूर्ण भिजवा, मग थांबा. बेडच्या मध्यावर एक भोक पाडून चार बोटं खोलीची माती काढा. मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्यानं टोचला की फुटला पाहिजे. लांबून वळी होत असेल तर अजून एक दिवस जाऊ द्या. थंडीत काळ्या रानाला पेपरखाली वेळ लागतो. रोपं यायच्या आदल्या दिवशी पाणी सोडून दुसऱ्या दिवशी प्लांटर चालवू नका. चोचीत चिखल भरतो, ती मिटत नाही, आणि दर पाच-सहा रोपांनी काडीनं साफ करत बसावं लागतं.

आता माझं मत. दीड एकर कलिंगडाला तापवलेल्या पाइपनं भोक आणि त्या भोकात प्लांटर, हे दोन्ही मिळून करा. पाइप लांब दांड्याचा घ्या, वरच्या डब्यात कोळसा असतो तसला. भोकं रोपं यायच्या आदल्या दिवशी पाडता येतात, त्याला टोळी लागत नाही, घरची दोन माणसं पुरतात. एक दिवस भोकं उघडी राहिली की पेपरखालची कोंडलेली वाफही निघून जाते. भोकं पाडताना वाऱ्याकडं पाठ करून चालावं आणि तोंडाला फडकं बांधावं, जळक्या प्लॅस्टिकचा धूर छातीत बसतो.

मग लावणीच्या दिवशी एक प्लांटर धरणारी, एक रोप सोडणारी, एक दाबणारी. रोप सोडणारीनं ट्रे काखेत न धरता गळ्यात पट्ट्यानं अडकवायचा, दोन्ही हात मोकळे राहतात. अशा तिघींचे दोन संच असले तर तुमचं दीड एकर रखडणार नाही. लावणी दुपारी चारनंतर सुरू करा. ऊन कलल्यावर लावलेलं रोप रात्रभरात सावरतं.

प्लांटर घेताना तो कोण धरणार आहे तिला दुकानात घेऊन जा. हे मी मनापासून सांगते. बहुतेक प्लांटर पुरुषाच्या उंचीचे असतात. उभं राहून हात सैल सोडून कोपर वाकवलं की दांडा कोपराच्या चार बोटं खाली आला पाहिजे. त्याहून उंच असेल तर बाई दर वेळी खांदा उचलून दाबते आणि संध्याकाळी तिला हात वर करता येत नाही. उंची कमी-जास्त करायला भोकं आणि पिन असलेला मिळतो, तोच घ्या. चोच उघडायचा खटका बोटांच्या ताकदीनं उघडायचा असला तर नको, तळहातानं दाबायचा असावा. आणि वजन दुकानात एकदा उचलून कळत नाही. पाच मिनिटं उचल-ठेव करून बघायला सांगा.

यात लाड नाहीत. एका एकरात ४,८४० वेळा वाकायचं आणि उठायचं. आमच्या टोळीतल्या चाळिशीच्या बायकांच्या कंबरा त्यानंच गेल्यात. प्लांटरचा खरा फायदा मला हा वाटतो, वेळ वाचतो त्याहून जास्त. उभ्यानं काम झालं तर बाई दुसऱ्या दिवशीही कामाला येते.

एक गोष्ट राहिली, लॅटरल. प्लांटरची चोच आणि तापला पाइप, दोन्ही ठिबकच्या नळीला काळ आहेत. नळी उन्हानं लांबते आणि पेपरखाली नागमोडी होते. तुम्ही मध्यावर टाकलेली असते, दुपारी ती भोकांच्या ओळीखाली आलेली असते. पेपर अंथरताना नळी मातीत इंचभर दाबून घ्या आणि भोकांची ओळ नळीपासून चार बोटं बाजूला धरा. दोन्ही टोकांना खुंटी मारून ताणून ठेवा. टोचलेली नळी पेपरखाली सापडत नाही. एका जागी डबकं होतं आणि पुढची ओळ कोरडी राहते, तेव्हा कळतं.

---

फॅब्रिकेशन_येवला:

ताईंनी सगळं सांगितलंच. मी शेती अवजारांची वेल्डिंग करतो, दुरुस्तीला प्लांटर आणि टोकण यंत्रं येत असतात, म्हणून दोन-चार गोष्टी जोडतो.

आधी भावाच्या ट्रॅक्टर यंत्राबद्दल. रोप लावणी यंत्रात दोन जाती आहेत, हे विकणारा आपणहून सांगत नाही. जी जास्त दिसतात त्यांत खाली फाळ असतो. तो सरी उघडतो, वरून रोप पडतं आणि मागची दोन तिरकी चाकं माती दाबतात. हे उघड्या जमिनीचं यंत्र आहे. मल्चिंगवर नेलं तर फाळ पेपर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा चिरेल. मल्चिंगला चालतं ते चोचींचं, जिथं प्रत्येक चोच वरून खाली जाऊन पेपर टोचते आणि उघडते. म्हणून विचारताना ‘मल्चिंगवर चालतं का’ असं विचारू नका, हो म्हणतील. ‘फाळ आहे की चोच’ असं विचारा, आणि अंथरलेल्या पेपरवर चालवून दाखवा म्हणा.

चोचीचं असलं तरी दोन एकराला ते परवडणार नाही. बेडच्या टोकाला ट्रॅक्टर आणि यंत्र वळवायला पंधरा-वीस फूट रान सोडावं लागतं, बेड सगळे एका उंचीचे आणि सरळ लागतात, आणि यंत्रावर बसून रोपं भरायला माणसं लागतातच. ज्यांचं पंधरा-वीस एकर एकाच पिकाखाली आहे किंवा जे भाड्यानं फिरवणार आहेत, त्यांनी विचार करावा. ट्रॅक्टरमागचं बेड पाडून, नळी टाकून, पेपर अंथरून देणारं यंत्र मात्र भाड्यानं जरूर घ्या. पेपर हातापेक्षा कितीतरी घट्ट बसतो आणि पेपर घट्ट असला की पुढची निम्मी कामं सोपी होतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं तर बेड, नळी, पेपर आणि टोकण एकाच फेरीत करणारं ट्रॅक्टरचं यंत्र विकसित केलंय.

अमेरिकेतल्या भाजी पिकवणाऱ्यांकडं पाण्याच्या चाकाचं यंत्र असतं. मोठ्या पोकळ चाकाला परिघावर खुंट्या, आत पाणी. चाक पेपरवरून फिरतं, खुंटी भोक पाडते आणि त्याच भोकात पाणी सोडते. मागं सीटवर बसलेली दोन माणसं हातानं रोप त्या ओल्या खड्ड्यात बसवतात. मी हे यासाठी सांगतो की ताईंनी लिहिलेल्या पोकळीचा इलाज त्यात आहे. पाणी माती घेऊन खाली बसतं आणि गोळ्याभोवतीची हवा निघून जाते. यंत्र नसलं तरी हे करता येतं. दाबणाऱ्या बाईच्या मागं एकानं पाठीवरच्या पंपाचं नोझल काढून प्रत्येक भोकात अर्धा पेला पाणी सोडत जायचं. काळ्या मातीत त्यानं फार फरक पडतो.

आता हातातला प्लांटर घेताना काय बघायचं. चोच मिटवून उजेडासमोर धरा. दोन्ही पाकळ्यांच्या मधून उजेड दिसला तर तिथून माती आत शिरणार. पाकळ्या मिटवणारी स्प्रिंग बाहेरच्या बाजूला आणि बदलता येण्यासारखी असावी, आतल्या स्प्रिंगमध्ये चिखल जाऊन ती गंजते. चोच स्टेनलेसची घ्या, बाकी नळी साध्या लोखंडाची असली तरी चालेल. स्टेनलेसला काळी माती कमी चिकटते. खोलीचं कडं, म्हणजे चोच किती आत जावी ते थांबवणारी रिंग, ती नट-बोल्टची असावी. नुसती वेल्ड केलेली असेल तर टोमॅटोला एक आणि कलिंगडाला एक खोली तुम्हाला करता येणार नाही. नवीन आणल्यावर चोचीच्या कडांना हलकी कानस मारून घ्या. बोथट चोच पेपर कापत नाही, ओढून फाडते.

भोकं पाडलेल्या पेपरबद्दल एक वाक्य: अंतर आणि भोकाचा व्यास तुम्हाला हवा तोच मिळत असेल तर उत्तम, पण तो ट्रॅक्टरनं अंथरताना जास्त ओढला की गोल भोकं लांबट होतात, आणि पेपर सरकला तर भोकं नेमकी नळीवर येतात.

अनुदानावर घेणार असाल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.

---

काळंरान_वैजापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रॅक्टर यंत्राचा विषय भावाला वाचून दाखवला, त्यानं डीलरला फोन केला, आणि ते फाळाचंच निघालं. तो विषय मिटला. बेड आणि पेपरला भाड्याचा ट्रॅक्टर सांगतोय. उंची कमी-जास्त होणारा प्लांटर शोधतोय. आमच्याकडं लावणीला येणाऱ्या दोघी कोपरगावच्या बाजारला येतात, त्यांना सोबत घेऊनच दुकानात जाणार आहे.

आता भेंडी. अर्ध्या एकराला चाकाचं टोकण यंत्र घ्यावं का? बेडवर दोन ओळी, ओळीत एक फूट अंतर. बियाणं संकरित, रंग लावलेलं. ताई, तुमचा अनुभव काय?

---

लावणीवाली_संगमनेर:

दादा, अर्ध्या एकरासाठी विकत घेऊ नका. कुणाकडून आणता आलं तर वापरा, पण पेपरवर चालवायचं असेल तर हे ध्यानात ठेवा.

टोकण यंत्राचं अंतर चाकाचा घेर आणि चोचींची संख्या यावर ठरतं. समजा घेर सहा फुटांचा आणि चोची बारा, तर सहा इंचावर बी पडणार. तुम्हाला एक फूट हवं तर एक आड एक चोच बंद करायची, म्हणजे सहा राहतात. दीड फूट हवं तर चारच ठेवायच्या. सव्वा फूट हवं म्हणाल तर या चाकावर जमत नाही. त्यामुळं आधी चाकाचा घेर दोरीनं मोजा. बंद केलेल्या चोची नुसत्या बी न सोडण्याच्या करून भागत नाही, त्या खोलून काढायच्या, नाहीतर त्या पेपरला रिकामी भोकं पाडत जातात आणि त्यातून तण निघतं.

चाक पेपरवर चालवताना सगळ्यात मोठी अडचण सैल पेपरची. चोच आत गेल्यावर चाक पुढं फिरतं तेव्हा ती पेपर सोबत ओढते. घट्ट पेपरवर भोक स्वच्छ पडतं, सैल पेपरवर लांबट चीर पडते. त्याहून वाईट म्हणजे यंत्र पुढं गेलं की ओढलेला पेपर मागं सरकतो. बी मातीत एका जागी आणि भोक दोन बोटं मागं. कोंब वर आला की पेपरला डोकं आपटतो, खाली पिवळा पडून वाकडा होतो आणि उन्हात भाजतो. रोप लावताना पेपर सरकला तरी रोप डोळ्यांनी दिसत असतं, आपण लगेच सरळ करतो. बी दिसत नाही. म्हणून बी टोकायच्या बेडला पेपर रोपाच्या बेडपेक्षा जास्त काळजीनं ताणायचा.

दुसरं, काळी माती चोचीत अडकली तर बी वरच राहतं. हातात काहीच जाणवत नाही, चाक फिरत राहतं. आठवड्यानं उगवण बघताना ओळीत दर सहावी जागा रिकामी दिसली तर समजायचं एकच चोच बुजली होती. यंत्र चालवणाऱ्यानं प्रत्येक बेडच्या टोकाला थांबून चाक उचलून फिरवायचं आणि प्रत्येक चोचीतून बी पडतं का बघायचं.

तुमच्या अर्ध्या एकराला मी हातानंच टोकायला सांगेन. उन्हाळी भेंडीच्या संकरित बियाण्याचं पाकीट महाग असतं, एका भोकात एक बी पडलं पाहिजे आणि तेही नेमक्या खोलीवर. त्यासाठी आम्ही करतो ते असं. भोकं तापल्या पाइपनंच पाडायची, पण दीड-दोन इंचाची, बियाला अडीच इंचाचं लागत नाही. मग अंगठ्याएवढ्या जाडीची लाकडी काठी कमरेपर्यंत लांब घ्यायची, खालचं टोक बोथट करायचं आणि टोकापासून एक इंचावर आडवा खिळा ठोकायचा. काठी भोकात दाबली की खिळ्यापर्यंतच जाते, त्यामुळं प्रत्येक बी सारख्याच खोलीवर पडतं. बी टाकणारीसाठी अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, तोही कमरेएवढा. पाइप खड्ड्यात टेकवायचा, वरून बी सोडायचं. दोघींना वाकावं लागत नाही. बी टाकल्यावर चिमूटभर बारीक मोकळी माती नाहीतर कुजलेलं शेणखत-माती भोकात टाकायची, ओलं ढेकूळ नको. काळं ढेकूळ वाळलं की दगड होतं आणि कोंबाला वर येता येत नाही.

रंग लावलेलं बी भिजवू नका. त्यावरचं औषध धुऊन जातं. आणि ओलं बी यंत्रात चालतही नाही, बीजपेटीतल्या खाचांना चिकटून बसतं. बी हाताळताना हातमोजे घाला, बायकांनाही द्या. तंबाखू-मिश्रीची सवय असलेल्या जणी असतात, त्यांना टोकण संपेपर्यंत तोंडात हात घालू देऊ नका.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबताय ते बरोबर आहे. थंड जमिनीत भेंडी कुजते. सिल्व्हर बाजू वर ठेवा, त्यानं सुरुवातीला मावा आणि पांढरी माशी कमी बसते, काळी बाजू खाली. लव्हाळ्याचं तण असेल त्या तुकड्यात आधी खणून घ्या, तो २५ मायक्रॉन पेपर सुईसारखा फोडून वर येतो.

---

काळंरान_वैजापूर:

ताई, खिळ्याची काठी आजच करून ठेवतो. एकच विचारायचं राहिलं. भेंडीच्या नांग्या भरायला परत बी टोकायचं का?

---

लावणीवाली_संगमनेर:

नको दादा. परत टोकलेलं बी दहा-बारा दिवस मागं राहतं आणि शेजारची भेंडी त्याच्यावर सावली धरते. ज्या दिवशी शेतात टोकाल त्याच दिवशी एका ट्रेमध्ये शंभरेक बिया लावून ठेवा, म्हणजे वय सारखं राहतं. भेंडीचं सोटमूळ लवकर खाली जातं आणि ट्रेच्या बुडाला टेकलं की वाकतं, म्हणून दोन पानांवर आली की लगेच रिकाम्या भोकात बसवा. तिथं भोक दीड इंचाचं आहे, प्लांटर चालणार नाही, हातानंच लावावं लागेल. संध्याकाळी लावा आणि बाजूनं दाबा.